उघड्या कानांचा हट्ट

ट्रॅक्टर चालवताना कान झाकावेत का, आणि झाकलेच तर त्या झाकणाच्या आत गाणे वाजू द्यावे का, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे केव्हाच लागला आहे असे सगळे धरून चालतात. निकाल असा : कान मोकळे हवेत. गाणी ऐकायचीच तर मडगार्डवर स्पीकर बसवावेत आणि इंजिनाच्या वर जातील एवढ्या मोठ्याने लावावीत, ते चालते. पण कानांवर इअरमफ चढवून, त्यात गाणी ऐकत नांगरट करणारा ड्रायव्हर मात्र बेफिकीर. जुने मालक हे सांगतात, गॅरेजमधले मिस्त्री सांगतात, घरची माणसे काळजीपोटी सांगतात. मला हे मत मान्य नाही. त्यातले काही मुद्दे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. आणि त्या निष्कर्षाची किंमत ड्रायव्हर मोजतो, तीही अशा वयात की पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याला ऐकत काढायची असतात.

आधी पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडला तर त्याचे खंडन करण्यात काही अर्थ राहत नाही.

ट्रॅक्टर बोलतो, असे हा पक्ष म्हणतो. फाळ खडकाला लागला, रोटाव्हेटरमध्ये तार गुंतली, बेअरिंग बसायला लागले, इंजिन लोडखाली दबू लागले, की पहिली वर्दी कानाला मिळते. मीटरच्या काट्याला ती नंतर कळते. कान झाकले की ही वर्दी बंद. शिवाय बांधावरून कोणी हाक मारली, एखादे पोर मागे आले, तर ते ऐकू यायला हवे. तिसरा मुद्दा असा की इंजिनाचा आवाज आहेच, त्यावर गाण्याचा आवाज चढवला तर कानाला दुहेरी मार. चौथा, गाण्यात मन गेले की हात चुकतो. आणि या चारही मुद्द्यांच्या तळाशी एक गृहीतक आहे, जे सहसा बोलून दाखवले जात नाही : इंजिनाच्या आवाजाची सवय होते, त्याने माणसाचे काही बिघडत नाही.

यांतला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिला तर दीर्घ अनुभवातून आलेला आहे. पण अनुभव खरा असला म्हणजे त्याचा लावलेला अर्थ खरा असतोच असे नाही. तळच्या गृहीतकापासून सुरुवात करतो, कारण ते ढासळले की वरच्या मुद्द्यांचे वजन आपोआप बदलते.

आपल्या शेतांवरचे बहुसंख्य ट्रॅक्टर बिनकेबिनचे. सायलेन्सर बॉनेटवर उभा, ड्रायव्हरच्या समोर काही फुटांवर. अशा ट्रॅक्टरवर भर लोडात चालकाच्या कानापाशी 90 ते 100 डेसिबलच्या दरम्यान आवाज असतो. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. तीन डेसिबल वाढले की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1972 मध्ये सुचवलेली आणि 1998 मध्ये पुन्हा तपासून कायम ठेवलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे. पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. ट्रॅक्टरवर 95 डेसिबल धरले तर पाऊण तासात दिवसाचा वाटा संपतो. नांगरटीच्या हंगामात ड्रायव्हर आठ ते दहा तास सीटवर असतो. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना 90 डेसिबल अशी त्याहून सैल मर्यादा आहे. पण शेत हा कारखाना नव्हे, म्हणून तीही ट्रॅक्टरवाल्याच्या वाट्याला येत नाही. युरोपने 1977 मध्येच एक निर्देश काढून ट्रॅक्टरचालकाच्या कानापाशी पोहोचणाऱ्या आवाजाला मोजणीच्या पद्धतीनुसार 90 किंवा 86 डेसिबलची मर्यादा घातली. हा प्रश्न कोणाच्या नाजूकपणाचा नाही.

आता ‘सवय’ म्हणजे काय ते पाहू. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहून ठेवले आहे : दिवसभर तांबे ठोकणाऱ्या या कारागिरांचे कान जातात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने एक दुपार काढली आहे त्याला या नोंदीचे नवल वाटणार नाही. 1886 मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी बॉयलर बांधणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. एकाचेही ऐकणे पूर्ण शाबूत निघाले नाही. हे सगळे लोक सरावलेलेच होते. आवाजाचा त्रास होत नाही, असे तेही म्हणत असतील. त्रास का होत नव्हता? ज्याने त्रास जाणवायचा तो अवयवच निकामी होत चालला होता. त्याला सवय म्हणत नाहीत.

कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसांसारखी टोके असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. ध्वनीची थरथर मज्जातंतूंना कळवणे हे त्यांचे काम. मेलेली पेशी पक्ष्यांत पुन्हा उगवते. माणसात उगवत नाही. संध्याकाळी ट्रॅक्टरवरून उतरल्यावर कानात शिट्टी वाजते, घरच्यांचे बोलणे गादीखालून आल्यासारखे वाटते आणि सकाळी सगळे ठीक होते, तेव्हा ड्रायव्हर समजतो की कान मूळपदावर आला. तसे दर वेळी घडत नाही. कुजावा आणि लिबरमन यांनी 2009 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले काही जोड कायमचे तुटलेले असतात. तपासणीत कान चांगला निघतो; गर्दीतले बोलणे मात्र कळत नाही.

हे नुकसान कुठून सुरू होते तेही पाहावे. मोठ्या आवाजाने जाणारे ऐकणे पहिल्यांदा जाते ते चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचे. इंजिनाची घरघर त्याच्या कितीतरी खाली असते, म्हणून इंजिन ऐकू येतच राहते आणि ड्रायव्हरला वाटते, आपले कान उत्तम. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘च’ या व्यंजनांची सुरकन निघून जाणारी हवा त्याच वरच्या पट्टीत असते. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त एका ‘स’चा आहे. बाजार समितीच्या लिलावात, बँकेच्या खिडकीशी, डॉक्टरने गोळ्या सांगताना तो ‘स’ हरवला, की माणूस मान डोलावतो आणि घरी येऊन मुलाला विचारतो. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या तपासण्यांत डावा कान उजव्यापेक्षा अधिक गेलेला अनेकदा आढळला. कारण बसण्याच्या पद्धतीत आहे. अवजाराकडे पाहायला चालक उजव्या खांद्यावरून मागे वळतो आणि डावा कान थेट इंजिनासमोर येतो. कानाचे नुकसान कामाच्या वळणाप्रमाणे होते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा : ट्रॅक्टर बोलतो, ते ऐकायला कान मोकळा हवा. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसरा तपासावा लागेल. 95 डेसिबलच्या घरघरीत मोकळा कान काय ऐकतो? खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीचे बारीक आवाज गिळतो, हे ध्वनिशास्त्राला 1924 पासून, वेगेल आणि लेन यांच्या प्रयोगांपासून, माहीत आहे. बेअरिंगची बारीक किरकिर इंजिनाखाली दबते ती कान झाकल्यामुळे नव्हे. ती मोकळ्या कानातही दबलेलीच असते. उलट 1946 मध्ये कार्ल क्रायटर यांनी एक गोष्ट दाखवली जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते. भोवतालचा गोंगाट साधारण 85 डेसिबलच्या वर गेला, की चांगल्या कानाच्या माणसाला कानात बोळे घातल्यावर बोलणे अधिक नीट समजते. कारण असे की बोळा गोंगाट आणि बोलणे दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात खाली आणतो, त्यामुळे त्यांच्यातले अंतर कायम राहते; पण अतिभाराने आवाज विकृत करू लागलेला कान पुन्हा त्याच्या नेहमीच्या टप्प्यात येतो. भर उन्हाच्या झळाळीत दिसेनासा झालेला नांगराचा तास काळा चष्मा लावल्यावर दिसू लागावा, तसे हे आहे.

यातले एक न्यून मी लपवणार नाही. इअरमफ वरच्या पट्टीचे आवाज जास्त अडवतो, खालच्या पट्टीचे कमी. म्हणजे इंजिनाची घरघर, तिचे दबणे, आरपीएम उतरणे हे आत पोहोचते. धातूची उंच किंकाळी काहीशी मंदावते. आणि ज्याचे ऐकणे आधीच बरेच गेले आहे त्याला इअरमफ घातल्यावर इशारे कमी ऐकू येतात, हेही खरे आहे. पण यावरून काय ठरते? कान शाबूत असतानाच ते झाकायला सुरुवात करावी, हे ठरते. जुना मिस्त्री कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून बेअरिंगचा दोष सांगतो तो शाबूत कानाच्या बळावर. ते बळ टिकवायचे की वीस हंगामांत संपवायचे? ट्रॅक्टर ऐकण्याच्या कौशल्याचे मोल ज्यांना सर्वांत जास्त आहे, त्यांनीच त्या कौशल्याचे साधन उघड्यावर टाकावे, हा तर्क मला उमगत नाही.

आणि याच पक्षाला मडगार्डवरचा स्पीकर चालतो! इंजिनाच्या 95 डेसिबलवर गाणे ऐकू यायचे तर तेही निदान तेवढेच मोठे हवे. दोन्ही मिळून 98. सुरक्षित वेळ पाऊण तासावरून पंचवीस मिनिटांच्या आत येतो. अशा वेळी बेअरिंग ऐकू येते काय? बांधावरची हाक ऐकू येते काय? ऊसवाहतुकीच्या दिवसांत दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरवरचे स्पीकर ज्या गावांतून जातात, तिथल्या शाळांना आणि आजारी माणसांना विचारावे. मोकळा कान हे तत्त्व असते तर त्याचा पहिला आक्षेप या स्पीकरवर असता. तो तसा कधी आलेला नाही. म्हणजे जे चालत आले ते ठीक आणि जे नवे दिसते ते घातक, एवढेच या तत्त्वाच्या मुळाशी उरते.

तिसरा आक्षेप, दुहेरी मार. याचे उत्तर आकड्यांनीच द्यावे. इअरमफच्या पाकिटावर 25 डेसिबलची घट छापलेली असते. प्रयोगशाळेतला हा आकडा शेतावर मिळत नाही. टोपीची कड, चष्म्याची काडी, घामाला गुंडाळलेला रुमाल यांतले काहीही कपाच्या फोमखाली आले की तिथून आवाज आत शिरतो. म्हणून हात आखडता धरून 15 घेऊ. इंजिनाचे 95 आत 80 झाले. आत गाणेही 80 वर ठेवले. 80 आणि 80 मिळून 83 होतात. 85 च्या खालीच. गाणे 75 वर ठेवले तर बेरीज जेमतेम 81 च्या पुढे सरकते. करमणुकीचा आवाज देणाऱ्या इअरमफसाठी युरोपचे स्वतंत्र मानक आहे आणि त्यात आतला कार्यक्रम 82 डेसिबलपुढे जाऊ नये अशी अट आहे. हे कुलूप यंत्रातच बसवलेले असते, बटण कितीही फिरवा. आता वाचकांनीच तोलावे : मोकळ्या कानाला गाण्याशिवायच 95, झाकलेल्या कानाला गाण्यासकट 83. दुहेरी मार कोणाला बसतो?

पण इथे पूर्वपक्षाचा एक भाग मी पूर्ण मान्य करतो. मोबाइलबरोबर येणारे कानात अडकवायचे साधे इअरफोन बाहेरचा आवाज अडवत नाहीत. ते घालून ट्रॅक्टर चालवणारा गाणे इंजिनाच्या वर नेतोच, आणि तेही पडद्याच्या अगदी जवळ. हा दुहेरी मार खरा आहे. त्या इअरफोनची वकिली मी करत नाही. कापसाच्या बोळ्याचीही नाही. त्याने मनाचे समाधान होते, आवाज फारसा अडत नाही. माझा पक्ष एवढाच की आधी आवाज अडवावा, मग अडवून मिळालेल्या शांततेत हळू गाणे लावावे. हा क्रम उलटला तर माझा सगळा युक्तिवाद कोसळतो, आणि कोसळावाच.

गाण्यात मन जाते, हा चौथा आक्षेप मराठी मुलखात तरी कोणी घेऊ नये. जात्यावर ओवी होती, मोटेवर गाणी होती, कापणीला भलरी होती. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर भरतात. इतके गाणे कामाच्या आड येत असते तर पीठ कोणी दळले? एकसुरी काम आणि गाणे यांची सोयरीक यंत्रयुगातही तुटली नाही. युद्धकाळात 1940 साली बीबीसीने कारखान्यांतल्या कामगारांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू केले, ते 1967 पर्यंत चालले. अर्थात गाणे झोपेवरचा उपाय नाही. रात्रपाळीची नांगरट करणाऱ्याला पेंग येऊ लागली तर ट्रॅक्टर थांबवावा. आणि अवजार जोडल्यावरचा पहिला फेरा, नव्या शेतातला पहिला तास, गाण्याविना काढावा. यंत्राचा त्या दिवसाचा सूर कानात बसला की मग गाणे. पुढे लोडवर इंजिन दबलेले गाण्याखालूनही कळले पाहिजे. कळत नसेल तर गाणे मोठे आहे. यासाठी मीटर लागत नाही.

राहिला हाकेचा आणि अपघाताचा मुद्दा. ट्रॅक्टरवरची माणसे मुख्यतः कशाने मरतात? ट्रॅक्टर उलटून. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली आणि तिथले हे मृत्यू झपाट्याने घटले. चौकटीने माणसे वाचवली. मागच्या अवजाराला फिरवणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला नऊ. त्यात उपरण्याचे टोक गुंतल्यावर ओरडणे ऐकून क्लच दाबेपर्यंत नऊ-अठरा वेढे पडलेले असतात. त्या माणसाला शाफ्टवरचे आवरण वाचवते, आणि सीटवरून उतरण्याआधी पीटीओ बंद करण्याची शिस्त वाचवते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये कर्णबधिर व्यक्तींना वाहनपरवान्यासाठी चाचणी देण्याचा मार्ग मोकळा केला. रस्त्यावर जे डोळे आणि आरसे करू शकतात, ते शेतात करता येत नाही असे कसे म्हणावे?

तरीही मी मर्यादा घालतो, आणि ती मनापासून घालतो. डांबरी रस्त्यावर गाणे बंद. मळणी यंत्राभोवती माणसे काम करत असतील, ट्रॉली मागे घ्यायची असेल, शेतात पोरे असतील, तर गाणे बंद, मान वळवून पाहणे सुरू. भोवतालचे हळू आवाज मायक्रोफोनने आत पोहोचवणारे आणि मोठे अडवणारे इअरमफ मिळतात. ज्याला परवडतील त्याने ते घ्यावेत. माझी बाजू मोकळ्या रानातल्या एकट्या नांगरटीची, रोटाव्हेटरची, पेरणीची आहे. ट्रॅक्टरचे कितीतरी तास तिथेच जातात.

आता मंडन, कारण नुसत्या खंडनाने पक्ष सिद्ध होत नाही. कोणी म्हणेल, ठीक, कान झाकावेत, गाणे कशाला? उत्तर पुन्हा गणितात आहे. समजा, आवाजाचा कणही आत येऊ न देणारा अद्भुत इअरमफ मिळाला. आठ तासांतले चार तास तो घातला आणि चार तास गळ्यात लटकवला. एकूण बचाव किती? फक्त तीन डेसिबल. कारण निम्मी ऊर्जा कानात गेलीच. अर्धाच तास काढला, तरी बचाव बारा डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे इअरमफ किती महाग आहे यापेक्षा तो कानावर किती वेळ टिकतो यावर सगळे अवलंबून. आणि तो का टिकत नाही? एप्रिल-मेच्या उन्हात कपाखाली घाम साचतो, पट्टी डोके आवळते, आणि आत असते ती मुकी, कंटाळवाणी घरघर. अशा स्थितीत दहा तास इअरमफ घाला असे सांगणारा सल्लागार सावलीत बसलेला असतो. ड्रायव्हर तो काढतो, आणि त्याला दोष देता येत नाही. पण त्याच कपात त्याच्या आवडीचे भजन असेल, लावणी असेल, आकाशवाणीचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम किंवा क्रिकेटचे समालोचन असेल, तर तो काढायला त्याचा हात सहज जात नाही. काढला की गाणे जाते. इथे करमणूकच संरक्षणाला कानावर धरून ठेवते. सुरक्षेच्या सामानात वापरणाऱ्याला स्वतःहून हवीशी वाटणारी वस्तू क्वचितच सापडते. ही सापडली आहे, तर तिला बेफिकिरीचे नाव देऊन का घालवायची?

पुष्कळ ट्रॅक्टरांवर मालक नसतो. रोजावरचा किंवा महिन्यावरचा ड्रायव्हर असतो. स्पीकर आणि लायटिंगवर मालक हौसेने खर्च करतो, आणि त्याच्या अंशात येणारा इअरमफ ‘त्याला ऐकू यायला पाहिजे’ म्हणून नाकारतो. त्या ड्रायव्हरचे ऐकणे पुढे गेले तर त्याची भरपाई कोणत्या हिशेबात लिहिली जाते? सर्व्हिसिंगच्या खर्चात तर ती दिसत नाही.

प्रतिपक्षाला माझे आकडे परके वाटत असतील, तर घरचा पुरावा मिळवायची सोय आहे. येत्या हंगामात एका सकाळी, कामावर जाण्याआधी, घरातल्या रेडिओचा आवाज इतका कमी करावा की बातम्यांतले शब्द जेमतेम कळतील. बटणापाशी पेन्सिलीने खूण करावी. दिवसभर मोकळ्या कानांनी नांगरट करून आल्यावर त्याच खोलीत, त्याच जागी बसून, बटण त्याच खुणेवर ठेवून बातम्या ऐकाव्यात. दुसऱ्या दिवशी हेच, पण इअरमफ घालून आणि आत हळू गाणे लावून. दोन संध्याकाळी किती शब्द कळले ते कागदावर लिहावे. तो कागद घेऊन ज्याला वाद घालायचा आहे त्याने यावे. मी तयार आहे.